काटा जसा सापडला तसा

माझ्या डाव्या पायाचा माझ्याइतका विचार या जगात आणखी एकाच माणसानं केला. आईला विचाराल तर ती म्हणेल, दोन्ही पाय सारखेच, दोन्ही घरात टिकत नाहीत. सरांनी मात्र त्या एका पायापायी वहीची पंधरा पानं भरली होती, आणि त्याच वहीपायी लांब उडीच्या ज्युनिअर राज्य संघाची माझी निवड चाचणी हुकली. ज्युनिअर गटातलं माझं ते शेवटचं वर्ष होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी त्यांच्याविषयी प्रेमानं लिहिणार आहे आणि ते वाचून कुणाला वाटायला नको की आमचं कधी बिनसलंच नाही. चांगलं बिनसलं होतं.

सर म्हणजे तसे कुणाचेच सर नव्हते. कुठल्या शाळेत शिकवलं नाही, कुठल्या मैदानावर शिट्टी वाजवली नाही. चाकणच्या एका कंपनीत मापाच्या खोलीत त्यांनी सव्वीस वर्षं काढली. कारखान्यातली मापं बरोबर आहेत की नाहीत हे तपासायची ती खोली. वजनकाटे, गेज, स्प्रिंगा दाबून बघायची यंत्रं, सगळं त्यांच्या टेबलावरून पास होऊन जायचं. पन्नाशीनंतर त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि क्रीडाविज्ञानाच्या पदविकेला नाव घातलं. वर्गातली बाकीची पोरं विशीतली. का घातलं, असं विचारलं की म्हणायचे, "स्प्रिंगवर लिहिलेलं असतं ती किती भार घेईल. माणसावर कुठं लिहिलंय?" हे ते इतक्या वैतागून म्हणायचे की वाटावं, ते लिहायला कुणीतरी विसरलंय आणि तक्रार कुठल्या खिडकीवर करायची हे त्यांना सापडत नाहीये.

तळवड्याला एका प्रेस शॉपच्या पाठीमागं त्यांनी पत्र्याची शेड घेतली होती. पलीकडं दिवसभर पत्रा ठोकून भाग काढायचं काम चालायचं, धाड, धाड. शेडच्या जमिनीत लोखंडी चौकट पुरलेली, चौकटीत दोन लोखंडी पाट शेजारी शेजारी, आणि पाटांच्या खाली वजनकाट्यात असतात तसले सेन्सर. डावा पाय डाव्या पाटावर, उजवा उजव्यावर. उभं राहायचं, गुडघे वाकवायचे, उडी मारायची आणि परत पाटांवर उतरायचं. कुठल्या पायानं किती जोर लावला ते कॉम्प्युटरवर उमटायचं. परदेशातून असला पाट मागवला तर म्हणे फ्लॅट विकावा लागतो. सरांनी तो मोडीत निघालेल्या काट्यांतून बनवला होता, आणि झकास बनवला होता. आम्ही सगळे त्याला काटाच म्हणायचो आणि त्यांना काटेवाले सर.

प्रेस शॉपचे मालक तिथल्याच जुन्या गावातले. ते संध्याकाळी हात पाठीमागं बांधून शेडच्या दारात येऊन उभे राहायचे. कबड्डीवाली पोरं, धावणाऱ्या पोरी, एकेक जण पाटावर चढून उडी मारतोय आणि सर काही न बोलता लिहितायत, हे बराच वेळ बघून म्हणायचे, "सर, आमच्यात देव अंगात आल्याबिगर माणूस असं उड्या मारत न्हाई बगा." सर मान वर न करता म्हणायचे, "मागं सरका, सावली पडते."

सर सगळ्यांना अहो म्हणायचे. बारा वर्षांची पोरगी असो नाहीतर तालमीतला दांडगा गडी, "अहो, पाय पुसून या", "अहो, स्क्रीनकडं बघू नका, समोर बघा." माझ्या वडिलांना याची भारी गंमत वाटायची. घरी मी पाणी मागितलं की ते म्हणायचे, "अहो, घ्या की तुमचं तुम्ही."

शेडमध्ये शिरल्यावर पाय झटकायचे नाहीत, वाकायचं नाही, ताणायचं नाही. पहिली उडी जशी आलात तशी मारायची, अंग गरम करणं नंतर. हा त्यांच्या मापाच्या खोलीतला नियम होता. तपासायला आलेल्या काट्याला आधी हात लावायचा नाही. पुसायचा नाही, सरळ करायचा नाही. जसा सापडला तसा मोजायचा, आकडा लिहायचा, मग काय दुरुस्ती करायची ती करायची. "आधी दुरुस्त केलंत तर तो आजवर किती चुकत होता हे कधीच कळणार नाही," असं ते सांगायचे. कंपनीत शिकाऊ पोरांच्या किती तुकड्यांना हे शिकवलं, हेही सांगायचे. ही एवढी एकच बढाई त्यांना ठाऊक होती.

मग वही निघायची. नाव, वय, खेळ, झोप किती, सकाळी काय खाल्लं. आणि एक रकाना असा होता की नवीन येणारा हमखास चमकायचा: वडिलांची शिफ्ट.

"माझ्या उडीचा आणि वडिलांच्या शिफ्टचा काय संबंध?" मीही विचारलं होतं.

"तिसरी पाळी असली की ते दिवसा कुठं झोपतात?"

"घरीच."

"खोल्या किती?"

"दोन."

"मग तेव्हा तुम्ही कुठं असता?"

"जिन्यात," मी म्हटलं. आम्ही पिंपळे गुरवला राहायचो, मूळचे लातूरकडचे. वडील चाकणला प्रेसवर ऑपरेटर. त्यांची तिसरी पाळी लागली की आई आम्हा भावंडांना सबंध दुपार बाहेर काढायची, आवाज नको म्हणून. मी शेजारच्या इमारतीच्या जिन्यात पुस्तक घेऊन बसायचे आणि डुलक्या घ्यायचे. त्या आठवड्यात माझी उडी चार बोटं कमी पडायची आणि मी स्वतःला आळशी म्हणायचे. सरांनी चार महिन्यांची पानं माझ्यापुढं सरकवली आणि पेन्सिलीनं दाखवलं: तिसरी पाळी, उडी कमी, तिसरी पाळी, उडी कमी. "यात आळस कुठं दिसतो का तुम्हाला?" असं विचारलं. त्याच दिवशी घरी जाऊन मी ते आईला सांगितलं. पुढच्या पाळीपासून शेजारच्या मावशींच्या घरात माझ्यासाठी एक चटई पडायला लागली.

कौतुक हा प्रकार त्यांच्याकडं नव्हता. चांगली उडी पडली की "नोंद झाली" म्हणायचे. कसं वाटतंय, असं कधी विचारायचे नाहीत. उलट आपण सांगायला गेलं की म्हणायचे, "वाटणं तुमच्याजवळ ठेवा, आकडा मला द्या." काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, चिंचवडहून कधीमधी डबा घेऊन यायच्या, त्यांनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "अगं, आमटीत मीठ किती घातलंस विचारतात. चिमूटभर म्हटलं तर म्हणतात, कुणाची चिमूट?"

सरांच्या काट्यावर माझं वजन घरच्या काट्यापेक्षा किलोभर कमी भरायचं. सगळ्याच पोरींचं भरायचं. सरांना सांगितलं तर ते तुच्छतेनं म्हणाले, "घरचे काटे म्हणजे अंदाज." आम्हीही विषय वाढवला नाही. वजन कमी दाखवणाऱ्या काट्याविषयी आजवर कुठल्या बाईनं तक्रार केली आहे?

तर या काट्यावर वर्षानुवर्षं उड्या मोजून सरांना एक मोठा शोध लागला. या पट्ट्यातल्या बहुतेक पोरापोरींचा डावा पाय उजव्यापेक्षा कमी जोर लावतो. शोध लागला म्हटल्यावर कारण पाहिजे, आणि कारणही त्यांना सापडलं. इथली निम्मी घरं मशीनवर उभी राहणारी. प्रेसचं पेडल उजव्या पायानं दाबायचं, म्हणून उजवा पाय दणकट. आता पेडल दाबतात वडील आणि पाय पोरांचा, हे कसं? तर पोरं उभं राहायला घरातच शिकतात. वडील जसे उभे, तशी पोरं उभी. सरांनी यावर शोधनिबंध लिहायला घेतला होता आणि त्यासाठी माझ्या वडिलांना मुद्दाम बोलावून त्यांचं उभं राहणं चारी बाजूंनी बघितलं होतं.

वडिलांनी बिचाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, एक विचारू का? उजव्या पायानं पेडल दाबायचं म्हंजे आठ तास उभं तर डाव्यावरच राहावं लागतंय. मग डावाच दणकट पाहिजे की."

सरांनी पेन थांबवलं. पुष्कळ वेळ विचार केला. मग म्हणाले, "थकवा. डावा थकतो," आणि लिहून टाकलं. वडील घरी येताना स्कूटरवर नुसते हसत होते.

माझा डावा पाय सगळ्यांत कमी भरायचा. मी जायचे दर बुधवारी, कॉलेज सुटल्यावर. आणि माझं दुर्दैव असं की लांब उडीत फळीवरून मी उठते ती डाव्याच पायावर.

निवड चाचणी दहा दिवसांवर आली होती. राज्याच्या संघात नाव लागलं असतं तर क्रीडा कोट्यातून नोकरीला अर्ज करता आला असता. नाही तर आमच्या गल्लीतल्या बाकीच्या मुलींसारखी मीही चाकणची बस धरणार होते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. जिल्ह्यात मी पहिली आले होते. मांडीच्या मागं थोडं ओढल्यासारखं वाटत होतं, तेही मी सरांना सांगितलं. त्यांनी माझ्या तीन उड्या मोजल्या, मागची पानं चाळली आणि चष्मा काढला.

"जाऊ नका," ते म्हणाले. "अशा पायानं पूर्ण पळत येऊन फळीवर आपटलात तर मागचा स्नायू जाईल. तीन महिने द्या. मी पाय तयार करून देतो."

"तीन महिन्यांनी मी ज्युनिअर राहणार नाही, सर."

"पाय राहील."

मी त्यांचं ऐकलं. घरच्यांनी ऐकलं. माणूस कधी अंदाजानं बोलला नव्हता, मग आता न ऐकायला कारण काय? चाचणीच्या दिवशी मी घरात गवार निवडत बसले. जिची उडी माझ्यापेक्षा नेहमी वीतभर मागं पडायची, तिचं नाव संघात लागलं. मैत्रिणीनं फोन करून सांगितलं तेव्हा मी तिला म्हटलं, छान झालं, आणि पातेलं घेऊन मोरीत गेले.

त्यानंतर मी सराव सोडला. तीन महिने नाही की तीन दिवस नाही. चाकणला वायरिंग बनवणाऱ्या एका कंपनीत शिकाऊ म्हणून लागले, दिवसभर टेबलाशी उभी राहून वायरींना टेप गुंडाळायची. दोन महिने गेले. एका गुरुवारी सुट्टी होती म्हणून शेडमध्ये राहिलेले माझे खिळ्यांचे बूट आणायला गेले.

आमच्याकडं गुरुवारी कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी असते. प्रेस शॉप बंद, सगळीकडं शांत. सर त्याच दिवशी काटा तपासायचे, कारण धक्के नसतात; उरलेले सहा दिवस माणसं मोजायची. मी गेले तेव्हा ते जमिनीवर पालथे पडून डाव्या पाटाखाली पत्र्याची चकती सारत होते. वर पाट सपाट आहे की नाही ते बघायची स्पिरिट लेव्हल ठेवलेली. "जमीन जरा खचते," म्हणाले. "दर गुरुवारी सरळ करावं लागतं." मग उठले, हात पुसले, दोन्ही पाटांवर वीस किलोचं वजन ठेवून बघितलं. आकडा तंतोतंत. समाधानानं वहीत बरोबरची खूण केली.

मी बूट घेतले. निघताना काय डोक्यात आलं कोण जाणे, म्हटलं, "घ्या सर, शेवटचं मोजून," आणि पाटावर चढून उडी मारली. रागानंच मारली.

सरांनी आकडा बघितला आणि पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं. "सारखे. दोन्ही पाय सारखे. अहो, भरून काढलंत की तुम्ही. व्यायाम चालू ठेवलात ना?"

"सर, दोन महिन्यांत मी एक बैठकसुद्धा मारलेली नाही."

"काहीतरी केलं असेल."

"टेप गुंडाळली."

त्यांनी आणखी तीन उड्या मारायला लावल्या. तिन्ही सारख्या. मग ते स्टुलावर बसले आणि वहीतली माझी जुनी पानं, त्यांवरच्या तारखा, एकेक करून बघितल्या. शेवटी म्हणाले, "बुधवारी या. शिफ्ट सुटल्यावर या."

बुधवारी पलीकडं धाड धाड चालू होतं. मी उडी मारली. डावा कमी. पूर्वीइतकाच कमी. सरांनी मला उतरायला सांगितलं आणि काहीही सरळ न करता, काहीही न पुसता डाव्या पाटावर वीस किलोचं वजन ठेवलं. कमी भरलं. उजव्यावर ठेवलं. बरोबर भरलं. मग ते बॅटरी घेऊन पालथे पडले. डावा पाट प्रेस शॉपच्या भिंतीकडचा. तिकडच्या धक्क्यांनी आठवडाभरात चकती हळूहळू सरकायची, पाट एका बाजूला झुकून चौकटीला टेकायचा, आणि थोडं वजन चौकटच खाऊन टाकायची. शुक्रवारी थोडं, बुधवारी सगळ्यांत जास्त. गुरुवारी सकाळी सर स्वतःच्या हातानं पाट सरळ करायचे आणि मग तपासायचे. तपासला की काटा बरोबर.

ते जमिनीवरून उठलेच नाहीत, तिथंच मांडी घालून बसले. "मी आधी सरळ करत होतो," म्हणाले. "आधी सरळ करत होतो, आणि मग मोजत होतो."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ते आमच्या घरी आले. वडील घरी होते. आईनं खुर्ची पुढं केली, सर बसले नाहीत.

"सर, बसून बोला की," वडील म्हणाले. "उभ्यानं काय बोलायचं."

"आधी बोलतो," सर म्हणाले. "मी तुमच्या मुलीचा डावा पाय कमजोर आहे म्हणून सांगितलं होतं. पाय ठीक होता. काटा चुकत होता, आणि काटा माझा होता."

वडिलांना अर्थ लागायला थोडा वेळ गेला. "म्हंजे ही गेली असती तर चाललं असतं?"

"मांडीचं थोडं दुखणं होतं, तेवढ्यासाठी मी अडवलं नसतं. हो. जाऊ शकल्या असत्या."

वडील म्हणाले, "आमच्या लायनीवर असं झालं असतं ना सर, तर साहेबानं ऑपरेटरवर ढकललं असतं." एवढं बोलून त्यांनी आईला चहा टाकायला सांगितला. मी आतल्या खोलीत होते. मला सगळं ऐकू येत होतं आणि मी बाहेर आले नाही. मला त्यांचा राग आला होता, दात खाऊन येतो तसला. ज्या माणसानं मी आळशी नाही हे मला दाखवून दिलं त्याच माणसानं मला घरी बसवलं, याचा राग. त्यांनी चहा घेतला, कपबशी स्वतः उचलून मोरीशी ठेवली आणि गेले.

इथं दुसरा कुणी असता तर काटा दुरुस्त करून गप्प बसला असता. पण मापाच्या खोलीची एक रीत आहे. एखादं माप चुकीचं निघालं की मागच्या वेळी ते बरोबर होतं त्या दिवसापासून त्या मापाखालून गेलेला सगळा माल परत बोलवायचा. सरांच्या वहीत त्रेचाळीस नावं निघाली. "माणसांना परत बोलवता येत नाही," ते काकूंना म्हणाले, "आपण जायचं." आणि दर गुरुवारी वही घेऊन, बसनं, पत्ते शोधत निघाले.

तीन आठवड्यांनी काकूंचा मला फोन आला. "अगं, सकाळी गेलेले संध्याकाळी येतात, आणि कुणीच सापडलेलं नसतं. वहीत पत्ते काय, तर मंदिरामागं, टाकीजवळ. तू त्या पोरांना ओळखतेस ना?" ओळखत होते. सांगायला हरकत नाही, मी गेले ती काही मन निवळलं म्हणून नाही. एक म्हातारा माणूस उन्हात टाकीजवळ उभा राहून कुठली टाकी म्हणून विचारत असेल, हे डोळ्यांपुढून जाईना, म्हणून गेले. वडिलांची स्कूटर काढली, सरांना मागं बसवलं.

गुरुवारमागून गुरुवार आम्ही हिंडलो. भोसरी, मोशी, चिखली, पार खेडपर्यंत. प्रत्येक दारात सर उभ्यानंच तीच तीन वाक्यं बोलायचे: पाय ठीक होता, काटा चुकत होता, काटा माझा होता. निम्म्यांना तर आपला कुठला पाय कमजोर होता हेच आठवत नव्हतं. ते हसायचे, चहा घ्या म्हणायचे. एका कबड्डीपटूनं खेळ सोडून गोदामात नोकरी धरली होती. तो डोकं खाजवत म्हणाला, "सर, मी तर पायाचं कारण सांगून सुटलो होतो ओ. आता बायकोला काय सांगू?" दुसरा होता तो उलट पाया पडायलाच वाकला. सरांनी कमजोर म्हटलं म्हणून त्यानं वर्षभर डाव्या पायावर मरमर मेहनत केली होती आणि आता तो दोन्ही बाजूंनी चढाई करत होता. "तुमच्यामुळं, सर." सर दोन पावलं मागं सरकले. "ते चुकीच्या मापावर झालंय," म्हणाले. "माझ्या नावावर धरू नका." स्कूटरवर बसल्यावर मी म्हटलं, "सर, एक तरी बरं झालं म्हणून घ्या की." मागून उत्तर आलं, "खड्डा बघून चालवा."

बेचाळीस दारं झाली. त्रेचाळिसावी मी. कधीतरी त्या फेऱ्यांतच माझा राग पातळ होत गेला असावा, आणि खेड रस्त्यावरच्या एका मैदानाशी स्कूटर थांबवून मी सरांना म्हटलं की मला पुन्हा उडी मारायची आहे, आता खुल्या गटात. सर म्हणाले, "खुला गट कठीण असतो." मी म्हटलं, माहीत आहे. त्यांनी काटा भिंतीपासून उचलून दुसऱ्या टोकाला नव्यानं बसवला. आता रोज सकाळी आल्या आल्या, कशालाही हात न लावता, आधी वजन ठेवून आकडा लिहायचे. पेडलचा सिद्धांत त्यांनी स्वतः फाडून टाकला. माझे वडील उगाच ओशाळले. "राहू द्यायचं होतं की सर," म्हणाले, "चांगला लिहिला होता."

दीड वर्ष मी कंपनी सांभाळून सराव केला. सर रोज मैदानावर यायचे, वडिलांच्या पाळीप्रमाणं माझा सराव पुढंमागं करायचे. खुल्या गटाच्या चाचणीला वडील सुट्टी टाकून आले, सर आले. तीन जणी घ्यायच्या होत्या. मी चौथी आले.

तिसरीत आणि माझ्यात दोन बोटांचं अंतर होतं. मी बूट सोडत बाकावर बसले. एका बाजूला वडील, एका बाजूला सर. जी दोन वर्षांपूर्वी ज्युनिअर संघात गेली होती ती आता पोलिसात लागल्याचं पलीकडं कुणीतरी सांगत होतं. मला रडायचं नव्हतं. मी सरांना विचारलं, "सर, त्या वर्षी मी गेले असते तर माझं नाव लागलं असतं का?"

"लागलं असतंच की," वडील म्हणाले. "त्यात काय विचारायचं."

सगळे हेच म्हणायचे. आई, मैत्रिणी, काकूसुद्धा. आणि दर वेळी ते ऐकून मला आणखी वाईट वाटायचं. समोर वाळूचा खड्डा कुणीतरी फळीनं सारखा करत होतं, तिकडं सर बघत होते.

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "लागलंही असतं, नसतंही. त्या दिवशीची उडी पडलीच नाही. आता ती किती पडली असती हे तुम्हाला कधी कळणार नाही, मलाही नाही. आणि ती पडू दिली नाही ती मी."

वडिलांना ते आवडलं नाही. अशा वेळी पोरीला दोन शब्द बरे बोलावेत, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मला मात्र कितीतरी दिवसांनी छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. माझं जे गेलं ते नेमकं केवढं होतं हे मला कधीच कळणार नव्हतं, आणि तेच माझं दुःख होतं. ते समजूत न घालता बोलून दाखवणारा हा एकच माणूस निघाला. मी सरांना माफ केलं ते तिथं, त्या बाकावर. तसं त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, पूर्ण की थोडं.